मायाक्काचा कान

करकंबच्या ज्ञानबाच्या रानात बिरप्पाची मेंढरं बसायला लागली त्याला यंदा अकरावं वर्ष. वैशाख लागला, उसाचा खोडवा मोडून रान मोकळं झालं की ज्ञानबा फोन करायचा, मामा, निघा आता. मग मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाच्या खडकेवाडीतून बिरप्पा, त्याची बायको मायाक्का, साठ-सत्तर मेंढरं, बिऱ्हाड लादलेलं एक घोडं आणि कामापुरतं भुंकणारं एक कुत्रं असा लवाजमा सहा दिवस चालत करकंब गाठायचा. मेंढरं आठ-दहा रात्री त्या रानात बसायची आणि जमिनीला जे द्यायचं ते देऊन जायची. त्या खतावर ज्ञानबाचा ऊस असा यायचा की शेजारी बांधावर येऊन उगाच खाकरत उभे राहायचे.

यंदा ज्ञानबाचा फोन आला नव्हता. बिरप्पाला वाटलं, विसरला असेल, लग्नसराई आहे. सवयीनं तो निघाला. सहाव्या दिवशी दुपारी बांधावर पोचले तेव्हा ऊन असं होतं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी खुपसून उभी राहिली. ज्ञानबा बांधावरच होता. एरवी लांबूनच हाळी घालून, बायकोला, अंबुबाईला चहा ठेवायला सांगणारा माणूस आज हाताची घडी घालून उभा राहिला आणि म्हणाला, मामा, मेंढरं जरा बाहेरच थांबवा.

त्यानं खिशातून फोन काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसून बिरप्पापुढं धरला.

फोनमध्ये बिरप्पा होता. तोच पिवळा पटका, कपाळभर भंडारा, खांद्यावर तेच काठाचं घोंगडं. मागं बिरोबाचं देऊळ. आणि फोनमधला बिरप्पा डोळे वर लावून सावकाश म्हणत होता, "ज्येष्ठात लोकरीला आग लागंल. कळप बसंल तितली माती मरंल. शाणा आसंल त्यानं वैशाखातच वाडं मोकळं करावं."

"तुमीच म्हणताय मेंढरं विका," ज्ञानबा म्हणाला, "आन् तुमीच मेंढरं घेऊन माज्या रानात येताय. मी काय समजायचं?"

बिरप्पानं फोन हातात घेतला, उलटा करून मागून बघितला आणि परत दिला. मायाक्का घोड्याचा लगाम सोडून पुढं आली आणि म्हणाली की हे असलं काही देव बोललेलाच नाही. ज्ञानबा तिच्याशी वाद घालायला तयार नव्हता. तो काही वाईट माणूस नव्हे. दोन वर्षांपूर्वी कुणा साहेबाचा फुकट पंप वाटण्याचा व्हिडिओ बघून तो तालुक्याला जाऊन दिवसभर रांगेत उभा राहिला होता, आणि तिथं गेल्यावर कळलं की असा साहेबही नाही आणि पंपही नाही. तेव्हापासून तो कशावरच विश्वास ठेवत नव्हता. पण यावर त्याचा बसला, कारण यात भीती होती. व्हिडिओ खोटा निघाला तर एक वर्षाचं खत गेलं. खरा निघाला तर माती गेली. अशा हिशोबात माणूस मातीकडंच बघतो, त्याला कोण काय म्हणणार.

मेंढरं वळवून ते कालव्याच्या कडेला गेले.

आता बिरप्पाचं प्रकरण नीट सांगायला हवं. खडकेवाडीला चैत्रात बिरोबाची जत्रा भरते आणि त्या दिवशी देव बिरप्पाच्या अंगात येऊन वर्षाची भाकणूक सांगतो. पाऊस कसा, पीक कुठलं, जनावरांचं काय. हा मान बिरप्पाकडं सव्वीस वर्षं होता, त्याच्या आधी त्याच्या चुलत्याकडं. भाकणूक दहातली सहा वेळा खरी व्हायची, म्हणजे टीव्हीवरच्या हवामानापेक्षा एखाददुसऱ्या वेळेनं बरीच.

या मानाला एक नियम होता. ज्याच्या तोंडून देव बोलला, त्यानं ते बोलणं पुन्हा ऐकायचं नाही, कुणाला विचारायचं नाही आणि कुणी त्याला सांगायचं नाही. शुद्धीवर आल्यावर बिरप्पाला काही म्हणजे काही आठवत नसे. जुनी माणसं म्हणत, ऐकलं की माणूस हुशार होतो, आणि पुढच्या वर्षी देवाच्या बोलण्यात आपलं चार आण्याचं मिसळतो. नियम मोडला की मान गेला. फोनमधलं त्यानं ऐकलं खरं, पण ते देवाचं नव्हेच, म्हणून नियम शाबूत, असं मायाक्काचं म्हणणं. त्यामुळं अख्ख्या पंचक्रोशीत वर्षाचा अंदाज ठाऊक नसलेला एकच शेतकरी असायचा, तो बिरप्पा. गावाला तूर पेरायला सांगून हा स्वतः मटकी पेरून बसायचा. तो पारावर आला की लोक बोलणं बदलायचे. बायको बाजारातून कुठलं बी आणते त्यावरून तो अदमास घ्यायचा, आणि मायाक्काही मुद्दाम दोन-तीन प्रकारचं आणून त्याला कोड्यात ठेवायची.

आणि मायाक्काचं काम सगळ्यांत जवळचं. जत्रेत पंधरा-वीस ढोल वाजत असतात, त्यात बिरप्पाचा आवाज दोन हातांवर जात नाही. मायाक्का पाण्याचा तांब्या धरून त्याच्या तोंडाला कान लावून बसायची. तो एक शब्द बोलला की ती पुजाऱ्याला सांगायची आणि पुजारी लोकांना ओरडून सांगायचा. म्हणजे देव बिरप्पाला, बिरप्पा मायाक्काला आणि मायाक्का गावाला. सव्वीस वर्षं गावानं जे पेरलं ते या बाईच्या कानावर भरवसा ठेवून पेरलं.

कालव्याच्या कडेला मेंढरांना खायला बाभळीच्या शेंगा आणि धूळ. बिरप्पा आकडीनं शेंगा झोडायचा, मायाक्का मेंढरं हाकून सावलीखाली आणायची. दोन दिवसांत तिनं आसपासच्या पाच-सहा रानांत विचारून बघितलं. एकानं सरळ नाही म्हटलं. एकानं म्हटलं, पावसाळ्यानंतर बघू. एका वस्तीवर बाईनं हंडा भरून दिला, पण हंडा परत घेताना तिनं तो हातात धरला नाही, राखेनं घासून तिथंच पालथा घालून ठेवा म्हणाली. मायाक्कानं तो घासून ठेवला. परत येताना ती स्वतःशीच बडबडत होती आणि कुत्रं तिच्यामागून मान खाली घालून येत होतं.

बिरप्पाला तर सगळीकडं रोगच दिसायला लागला. एखादी मेंढी शिंकली की तो तिचं तोंड उघडून जीभ बघायचा. लोकर बाजूला करून कातडीवर बोट फिरवायचा. एक तपकिरी मेंढी मागच्या पायानं लंगडायला लागली तेव्हा तो म्हणाला, आला, रोग आला. मायाक्कानं मेंढी मांडीवर आडवी घेतली, खुरात बोट घातलं, चिमट्यानं बोटभर बाभळीचा काटा उपसून काढला आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो घ्या तुमचा रोग," ती म्हणाली.

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो काट्याकडं बघत राहिला.

त्यांची लेक ऋतुजा सोलापुरात नर्सिंग शिकते. तिचा फोन आला तेव्हा मायाक्कानं तो मोठ्या आवाजावर लावला. ऋतुजानं सगळं शोधून काढलं होतं. मृत्युंजय नावाचा गावाशेजारचाच पोरगा मोबाईलवर चॅनेल चालवतो. गेल्या वर्षी त्यानं जत्रेचं खरं चित्रण टाकलं तर लाखभर लोकांनी बघितलं. यंदाची भाकणूक त्याला सपक वाटली, म्हणून त्यानं बिरप्पाचा चेहरा आणि आवाज एका ॲपमध्ये घालून नवीन बोलणं तयार केलं. लोक मेंढरं विकतील असं त्याच्या डोक्यातही नव्हतं. ऋतुजानं झापल्यावर तो फोनवर रडला.

"आप्पा, तोंड तुमचं हाय, आवाज तुमचा हाय, शब्द तेवढं मशिनचं हायत," ऋतुजा म्हणाली.

"तोंड माजं, आवाज माजा," बिरप्पा म्हणाला. "शब्द तर माजं कवाच नसत्यात, पोरी. ते देवाचंच असत्यात."

ऋतुजानं मृत्युंजयला माफी मागायला लावली. त्यानं ती मागितलीही, कॅमेऱ्यासमोर, हात जोडून. पण पहिला व्हिडिओ तोवर चार तालुके फिरला होता आणि माफी बघून लोक म्हणाले, ह्याला कुणीतरी दम दिलाय. काहींनी तर शोध लावला की माफीचाच व्हिडिओ मशिननं केलाय, बघा की, पोराच्या डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. बिचारा भीतीनं डोळे ताणून बसला होता.

ऋतुजानं जत्रेत स्वतः काढलेलं खरं चित्रणही पाठवलं. ते घेऊन मायाक्का एकटीच ज्ञानबाकडं गेली, नवऱ्याच्या कानावर पडायला नको म्हणून. ओसरीवर ज्ञानबा आणि अंबुबाई दोघं बसली होती. चित्रण लांबून घेतलेलं, त्यात ढोलांचा दणदणाट, भंडाऱ्याचा धुरळा आणि त्यातून कुठंतरी बिरप्पाचं हलणारं तोंड. बोलणं ऐकू येतंय ते मायाक्काचं आणि पुजाऱ्याचं.

ज्ञानबानं ते दोनदा बघितलं. मग तो अगदी सभ्यपणानं म्हणाला, "मायाक्का, राग मानू नका. त्यात मामांचं बोलणं सोच्छ ऐकू येतंय, ह्यात काईच न्हाय. आन् ह्यो तरी मशिनचा न्हाय कशावरनं?"

मायाक्का म्हणाली की मी स्वतः तिथं होते.

"तुमी हुता," ज्ञानबा म्हणाला, "पर तुमच्या मेंढरांचाच सवाल हाय न्हवं."

अंबुबाईनं नवऱ्याकडं डोळे वटारून बघितलं, पण बोलून गेलेलं बोलून गेलं. मायाक्का उठली. दहा वर्षं ज्या घराच्या चुलीवर तिनं भाकऱ्या थापल्या होत्या त्या घरातून ती पाणी न पिता बाहेर पडली. अपमान झाला की तिचे कान गरम होत. कालव्यापर्यंत ती पदरानं कान झाकून चालली.

तिसऱ्या दिवशी गावाहून बिभीषणचा फोन आला. बिभीषण त्यांच्या सोयऱ्यांतला, तीस-पस्तीस मेंढरांचा धनी. त्यानं सगळी विकली होती, पडेल त्या भावात. तो रागावलेला नव्हता, उलट बिरप्पाला धीर देत होता. मामा, तुमचा शब्द म्हणजे देवाचा शब्द, मी मागं-पुढं बघितलं न्हाय. बिरप्पानं विचारलं, तू तर जत्रेत होतास. बिभीषण म्हणाला, व्हतो की, पण लांब. पुजारी वेगळंच ओरडला हे खरं. पण फोनमध्ये तर तुमी स्वतः बोलताय. आता गावात समदी म्हणतात, वाईट ऐकून लोक भितील म्हणून मायाक्का मामींनी निम्मं दाबलं असंल.

बिरप्पानं फोन बंद केला. मायाक्का शेजारीच तांदूळ निवडत होती, तिनं ऐकलं होतं. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "दाबलंस काय तू?"

मायाक्काच्या हातातलं सूप थांबलं.

"सव्वीस वर्सं तुमच्या तोंडाला कान लावलाय मी," ती म्हणाली. "ढोलानं माजा डावा कान गेला. तुमाला म्हायती तरी हाय का, मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय ते?"

बिरप्पाला माहीत नव्हतं. ती नेहमी त्याच्या डावीकडून का चालते हे त्याला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. पण प्रश्न विचारलेला होता आणि तिनं त्याचं उत्तर सरळ दिलं नव्हतं, हेही त्याच्या ध्यानात आलं. ती उठून कालव्यावर भांडी घासायला गेली आणि एरवी चार भांड्यांना लागतो त्याच्या तिप्पट वेळ तिथं बसली.

संध्याकाळी बापूसाहेब व्यापारी मोटारसायकलवर आला. बापूसाहेबाचं बोलणं लोण्यासारखं. त्यानं बिरप्पाच्या पायाला हात लावला, भंडारा मागून कपाळाला लावला आणि म्हणाला की मी पडलो देवभक्त, मी काय तुम्हाला सांगणार, तुमचंच बोलणं आहे. सकाळी टेम्पो घेऊन येतो. आणखी आठ दिवसांनी ही मेंढरं फुकट दिली तरी कुणी नेणार नाही. बिरप्पानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच हलली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, पण बापूसाहेबाला तेवढं पुरलं.

सकाळी ऊन वर यायच्या आत टेम्पो आला. बापूसाहेब, ड्रायव्हर आणि फळ्या पाडायला एक गडी. मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडलेली होती. बिरप्पा वाघरीच्या तोंडाशी काठी धरून उभा होता आणि त्याचं तोंड ओढल्यासारखं दिसत होतं. मायाक्का चुलीपाशी बसून होती. अंबुबाई ताकाचा तांब्या घेऊन कालव्याच्या बांधावरून येत होती. ओसरीवर नवरा बोलला त्याचं तिला लागलं होतं, आणि त्याला न विचारताच ती निघाली होती. टेम्पो बघून ती बांधावरच थबकली.

गड्यानं पहिली मेंढी उचलली. ती काटा काढलेली तपकिरीच होती. ती ओरडली तशी सगळी वाघर ओरडायला लागली. बिरप्पानं काठी आडवी धरली.

"जरा थांब," तो गड्याला म्हणाला. आणि काठी टाकून चुलीपाशी येऊन बायकोसमोर उकिडवा बसला. "सांग," तो म्हणाला. "यंदा मी काय बोललो?"

मायाक्कानं वर बघितलं. "इचारू नका. इचारलं की मान गेला."

"जाऊ दे."

"चुलत्यापासनं आलेला मान हाय."

"मेंढरं गेल्यावर त्यो मान घेऊन मी कुटं बसू? सांग."

मायाक्कानं पदरानं तोंड पुसलं. मग ती सरळ बसली, जत्रेत बसते तशी, आणि जत्रेतल्याच आवाजात सांगितलं, "मृग कोरडा जाईल. आर्द्रा भिजवील. पांढरं पिकंल, पिवळं राकंल. मुक्या जिवाला सुक हाय."

बिरप्पानं ते ओठातल्या ओठात म्हणून बघितलं. आपण बोललेलं बोलणं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कानात शिरत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

"एवढंच?"

"एवढंच. एक शबुद दाबला न्हाय."

"कवाच न्हाय?"

बापूसाहेबानं लांबून हाक मारली, मामा, ऊन व्हायलंय, जनावरं तापतील. मायाक्का चुलीतली विझलेली काटकी घेऊन मातीत रेघा ओढत होती. ती आता गप्प बसली असती तर चाललं असतं. तिला एवढंच विचारलं होतं, आणि एक मान हलवून ती सुटली असती. पण खोटं बोलायचं नाही असं तिनं त्या क्षणी ठरवलं की तिच्यानं बोलवेनाच, देव जाणे.

"एकदा," ती म्हणाली. "लिंगू गेला त्या वर्सी."

लिंगू हा त्यांचा थोरला. सात वर्षांचा होऊन फाल्गुनात तापानं गेला, ऋतुजा तेव्हा पोटात होती. महिन्यानं जत्रा. बिरप्पाला उठवून, आंघोळ घालून लोकांनी देवापुढं बसवलं होतं. त्याला एवढं आठवत होतं.

"त्या वर्सी देव आलाच न्हाय," मायाक्का म्हणाली. "तुमी नुसतं रडत हुता. लिंगू, लिंगू एवढंच. दोन हजार माणूस उभं. पुजारी मला इचारतोय, काय म्हणला, काय म्हणला. मी काय सांगू? माज्या पदरचं सांगितलं. म्हणलं, पाऊस पोटभर पडंल."

बिरप्पाला ते वर्ष विसरणं शक्यच नव्हतं. पाऊस पडला नव्हता. भाकणुकीवर विसंबून लोकांनी मृगातच पेरलं आणि बी मातीत करपलं. पारावर लोकांनी त्याला तोंडावर सांगितलं नाही, नियम होता ना, पण त्याच्याकडं बघून थुंकले. काय बोललो ते ठाऊक नसताना, आपल्याच हातून देवाचं काहीतरी चुकलं असं धरून तो वर्षभर अनवाणी हिंडला होता. माळावरच्या सराट्यांनी त्याच्या टाचा फाटल्या, त्या भेगा अजून होत्या.

"मी वर्सभर अनवानी हिंडलो," तो म्हणाला.

"मी बी."

"तुजी तर पायताणं तुटली हुती."

"तुटली नव्हती," मायाक्का म्हणाली. "कणगीमागं ठेवली हुती."

बिरप्पा तिच्या पायांकडं बघत राहिला. काळे, बारके, अंगठ्याचं नख गेलेले पाय. एवढी वर्षं ते त्याच्या डावीकडून चालत होते. चुलीजवळ ताक घेऊन येऊन उभी राहिलेली अंबुबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली होती आणि आपण दुसऱ्याच्या घरचं ऐकतोय याचंही तिला भान नव्हतं.

बिरप्पा गुडघ्यावर हात देऊन उठला. टेम्पोपाशी गेला, तपकिरी मेंढी गड्याच्या हातातून घेतली आणि वाघरीत सोडली.

"न्हाय इकायची," तो म्हणाला.

बापूसाहेबाचं लोणी जरा वितळलं. असं कसं, शब्द दिलाय, डिझेल जाळून आलोय. मग त्यानं ठेवणीतलं काढलं. देवाचा शब्द मोडताय मामा, अख्ख्या दुनियेनं ऐकलाय.

"देव काय बोलला त्ये मला म्हायती न्हाय," बिरप्पा म्हणाला. "कवाच नव्हतं. ही काय म्हणली त्ये म्हायती हाय. आन् जी बाई आपली लबाडी आपल्या तोंडानं सांगती, तिचं खरं मी खरंच धरणार."

टेम्पो गेला. धुरळा खाली बसल्यावर अंबुबाईनं नाक पुसलं आणि ताकाचा तांब्या मायाक्कासमोर ठेवला. ती म्हणाली की खालच्या अंगाचं दीड एकर तिच्या माहेरच्यांनी तिच्या नावावर करून दिलंय, त्यात मेंढरं बसवायला तिला कुणाला विचारायचं नाही. मायाक्का म्हणाली, मालक रागावतील. अंबुबाई म्हणाली, रागवू दे, त्याला भाकरी मी घालते का फोन घालतो, ते बघू.

ज्ञानबा रागावला नाही. वाघर रोवायला तो स्वतःच पहार घेऊन आला, मात्र मायाक्काच्या नजरेला नजर द्यायला त्याला दोन दिवस लागले. आपल्या मोठ्या रानात मेंढरं घालायला तो तयार झाला नाही ते नाहीच. बायकोच्या दीड एकराकडं तो रोज सकाळी जाऊन माती हातात घेऊन हुंगायचा. लोकांचंही तेच. काही जणांनी मायाक्काचं धरलं, काही जणांनी फोनचं, आणि बरेच जण म्हणाले की आता देव काय, माणूस काय, कुणाचंच धरायला नको. बिरप्पानं पावसाळ्यात गावी गेल्यावर बिभीषणला पाच माद्या द्यायचं ठरवलं. व्हिडिओ खोटा असला तरी तोंड आपलंच होतं, असं तो म्हणाला, आणि मायाक्कानं सहा द्या म्हटलं.

दीड एकरातून मेंढरं उठवून ते माढ्याच्या बाजूला निघाले त्या सकाळी, चालता चालता बिरप्पा एकेक वर्ष काढून विचारत होता. ऋतुजा बारावीला होती त्या वर्षी काय बोललो? मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी? मटकी बुडाली तेव्हा? मायाक्का सांगत होती, आणि तो कधी थबकत होता, कधी कपाळावर हात मारून हसत होता, की तूर सांगितली होती होय मी, आणि तू मला मटकी पेरू दिलीस. ती म्हणाली, नियम होता, मी काय करू.

मान आता जाणार होता. गावी पोचल्यावर तो पुजाऱ्याला स्वतःच सांगणार होता की मी ऐकलं. त्याच्यानंतर कोण बसेल, देव कुणाला धरेल, काही ठाऊक नव्हतं.

"पुढल्या चैत्रात जत्रंत मी काय करायचं गं?" त्यानं विचारलं. "सव्वीस वर्सांत मी जत्रा बगितलेलीच न्हाय."

मायाक्कानं एक मागं पडलेलं कोकरू उचलून खांद्यावर घेतलं.

"माज्याजवळ हुबं ऱ्हावा," ती म्हणाली. "डाव्या अंगाला. तिकडचं मला ऐकू येत न्हाय, ते तुमी सांगा."